दुसरी बॅटरी

डबी उघडली आणि काउंटरमागच्या त्या तरुणाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आत अख्खी कवळी होती — वरची, खालची, कापसात नीट ठेवलेली.

"एक दात तुटलाय असं म्हणालात ना?" त्याने अगदी गंभीरपणे विचारलं. "मला तर सगळेच पडलेले दिसतायत."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. दोन्ही डब्या एकाच पर्समध्ये, दोन्ही पांढऱ्या. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायची आणि जेवणाच्या सुट्टीत मामाच्या विमानाचा सर्व्हो दाखवायला या दुकानात आली होती. सर्व्हो म्हणजे काडेपेटीएवढी मोटर. रिमोटवर उडणाऱ्या विमानाच्या पंखांच्या पट्ट्या आणि शेपूट तीच हलवते. त्या मोटरीच्या आतल्या चाकाचा दात तुटला होता.

"ही घ्या," तिने दुसरी डबी पुढे सरकवली. "ती एका आजोबांची आहे. संध्याकाळी द्यायचीय."

"म्हणजे तोवर आजोबा...?"

"दुधावर आहेत. तुम्ही लवकर बघितलंत तर त्यांच्यावर उपकार होतील."

तो हसला. दुकान त्याच्या थोरल्या भावाचं. हा एरवी मागच्या खोलीत बसून बॅटऱ्या तपासायचा आणि भाऊ माल आणायला गेला की काउंटरवर यायचा. सगळे त्याला बॅटरीवालाच म्हणायचे. त्याने बारीक स्क्रू काढून आत पाहिलं.

"प्लॅस्टिकचं चाक. विमान केवढं आहे?"

"या टोकापासून त्या टोकापर्यंत नऊ फूट पंख. पेट्रोलचं इंजिन. अकरा किलो."

"अकरा किलो... आणि हा? हत्तीवर माहूत म्हणून उंदीर बसवलात तुम्ही."

"मामांनी बसवलाय," ती फणकारली. मामाला कुणी बोललेलं तिला खपत नसे.

त्याने धातूच्या चाकांचे सहा सर्व्हो काढले आणि त्यातला एक तिच्या तळहातावर ठेवला. जड होता, गार होता. मग त्याने शेजारी दोन बॅटऱ्या मांडल्या. चांगल्या मुठीएवढ्या.

"मला एक पुरते," ती म्हणाली. "ती मागच्या कपाटातली छोटी द्या. वजन वाढायला नको."

"हे सर्व्हो ताकदीचे आहेत. ताकद म्हटली की भूक आलीच. सहाही एकदम ओढायला लागले की ती छोटी मान टाकेल. शिवाय एकच असली आणि हवेत गेली तर... वर कोण जाणार बदलायला?"

"तुम्ही विकायला बसलायत की शिकवायला?"

"आत्ता तरी विकत नाहीये. ती छोटी मी तुम्हाला देणारच नाही."

"मला जमतं माझं," ती म्हणाली आणि सहा सर्व्हो घेऊन ताठ मानेने बाहेर पडली. हे 'मला जमतं' तिच्या तोंडात लहानपणापासूनचं. कुणी बुटाची नाडी बांधायला वाकलं तरी तेच.

घरी ती आणि मामा, दोघंच. मामा ड्राफ्ट्समन म्हणून निवृत्त झालेला. त्याची नजर हळूहळू अधू होत चालली होती आणि गेलेली परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. लहान विमान आकाशात दिसेनासं झालं तेव्हा तो कपाळाला हात लावून बसला नाही. "मोठं करू. मोठं दिसेल," म्हणाला आणि कामाला लागला. त्याला चार वर्षं लागली. शेवटचं वर्ष तर नुसतं बोटांनी चाचपत. आता रविवारी क्लबच्या मैदानावर ते उडायचं होतं आणि उडवायचं होतं तिने. हे पडलं तर दुसरं होणार नव्हतं.

संध्याकाळी तिने नवे सर्व्हो घरातल्या जुन्या छोट्या बॅटरीला जोडले. एकेक हलवला, छान. मग रिमोटच्या दोन्ही दांड्या एकदम फिरवल्या. सहाही मोटरी गुरगुरल्या आणि क्षणात सगळं ठप्प. दोन सेकंद काहीही हलेना. मग जसं काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सगळं सुरू.

"काय झालं?" मामाने खुर्चीतून विचारलं.

"काही नाही."

"अगं, डोळे गेलेत, कान नाही. टेबलावर झालं म्हणून नशीब समज."

दुसऱ्या दिवशी ती काउंटरपाशी उभी राहिली. "दोन द्या. मोठ्या."

'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायची संधी पुरुष सहसा सोडत नाही. याने सोडली. माझं विचाराल तर सगळं तिथेच ठरलं होतं; फक्त तिला अजून कुणी कळवलं नव्हतं.

"विमानाचं नाक हलकं आहे का?" त्याने विचारलं.

"हो. तोल राहावा म्हणून मामांनी नाकात सहाशे ग्रॅम शिसं घातलंय."

"मग ते काढून तिथे बॅटऱ्या बसवू. वजन तेवढंच राहील. शिसं काय, नुसतं बसून खातंय."

'बसवू' म्हणाला तो. 'बसवा' नाही. हे तिच्या कानांनी बरोबर टिपलं.

शनिवारी दुपारी तो घरी आला. विमानाचा एक पंख या खोलीत, दुसरा दारातून पलीकडच्या खोलीत. शिसं निघालं, बॅटऱ्या बसल्या, तोल काटेकोर आला. मामाने हात फिरवून पाहिलं आणि "ठीक," म्हणाला. मामाच्या तोंडून 'ठीक' म्हणजे पैकीच्या पैकी.

"आता शेपटीचं सुकाणू धरा," बॅटरीवाला म्हणाला. "घट्ट. मी रिमोटवरून ढकलतो. जोर पुरतो का बघू."

तिने ती पट्टी तळहाताने अडवली. पट्टी हळूच रेटू लागली. धसमुसळेपणा नाही, पण माघारही नाही.

"जाणवतंय?"

"हं."

"कितपत?"

"...बरंच."

"सोडू?"

"इतक्यात नको."

बोलून गेल्यावर तिचे कान तापले. तो रिमोटकडे बघत होता, पण रिमोटवर बघण्यासारखं काहीच नव्हतं.

"बॅटरीवाले," मामाने पलीकडून विचारलं, "चहात साखर घालायची, की आधीच पुरेशी झालीय?"

रविवारी मैदानावर गवत ओलसर होतं, वारा बेताचा होता. मोठं विमान उडवणाऱ्याची नजर वरून हलता कामा नये, म्हणून रिमोटच्या पडद्यावरचे बॅटरीचे आकडे वाचायला शेजारी एक माणूस हवाच, असा क्लबचा नियम. नियमापुरतं तिने मामाला गृहीत धरलं होतं.

"मी फक्त वर बघणार," मामाने घडीची खुर्ची उघडली. "मला दुसरी कामं सांगू नकोस."

बॅटरीवाला बॅटऱ्या जोडून हात पुसत उभा होता. कवळीतला एक एक दात बसवणं सोपं, हे अवघड.

"तुम्ही... थांबाल माझ्याजवळ? म्हणजे... नियम आहे."

"नियम आहे म्हणजे थांबायलाच हवं," तो म्हणाला.

विमान धावलं, उठलं आणि मैदानावर मोठी पिवळी गिरकी घेतली. मामा मान वर करून बसला होता. "दिसतंय," तो म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशीच, "पिवळं दिसतंय गं."

तिसऱ्या गिरकीला रिमोट किंचाळला.

"एक बॅटरी गेली," बॅटरीवाला अगदी हळू आवाजात म्हणाला. "दुसरी चांगली आहे. वरच बघ, माझ्याकडे बघू नकोस."

ती वरच बघत म्हणाली, "मला नाही... मला नाही जमणार."

"एकटीने कुठे करायचंय? मी आकडे वाचतो, तू वळव. सावकाश. डावीकडे... हं. बॅटरी ठीक आहे. अजून ठीक आहे. आण खाली."

ती वळवत गेली, तो वाचत गेला. चाकं गवताला लागली, विमान एकदा उसळलं आणि धावत थांबलं.

"आवाज बंद झाला," मामा म्हणाला. "उतरलं का?"

"उतरलं मामा. अख्खं," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

बॅटरीवाल्याने विमानाच्या नाकावरचं झाकण काढलं. पहिल्या बॅटरीचा प्लग निसटून लोंबत होता. त्याचा चेहरा उतरला.

"चूक माझी आहे. इंजिनाच्या थरथरीने प्लग निघू नये म्हणून वर क्लिप लावतात. दुसऱ्याला लावली. याची... राहिली."

"तुमच्याकडून? एवढा उपदेश करून?"

"सकाळी मी प्लग लावत होतो तेव्हा तुम्ही केस बांधत होतात." तो विमानाकडेच बघत राहिला. "मी तुमच्याकडे बघत राहिलो. दुकानात पहिल्या दिवसापासून तेच चाललंय माझं. पण आज मामांची चार वर्षं गेली असती... मला काय वाटेल ते बोला."

तिला रागवायचं होतं, खरंच. पण मामा खुर्चीत बसल्या बसल्या रिकाम्या आकाशाकडे बघून हसत होता. तिने लोंबणारा प्लग उचलला, दाबून बसवला आणि वर क्लिप लावली. खट्ट आवाज झाला.

"काय रे पोरांनो," मामाने हाक मारली, "परत कधी उडवताय?"

"पुढच्या रविवारी," ती म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, हळूच, "पण क्लिपा मी लावीन."

"आणि मी?"

तिने केसांची सुटलेली बट कानामागे सारली.

"तू बघत राहा."