डुगडुगणाऱ्या टेबलाची साक्ष

"पाच वाजता माझा पाइप उतरवणार आहेत," फिटर मुलगी वहिनींच्या घरात शिरत म्हणाली. ती बसायचंही विसरली होती. "माझं पहिलं स्वतंत्र काम आहे हो. परत कोण दारात उभं करेल मला?"

लाँड्रीतल्या चार मोठ्या ड्रायरची गरम हवा बाहेर सोडणारा पत्र्याचा पाइप तिने बसवला होता. आठवडाभर झकास चालला. मग हवा तुंबली, कपडे ओलेच निघू लागले आणि मालकांना आगीची धास्ती बसली. आता ते तिला शिडीलाही हात लावू देईनात.

"उठा भावोजी," वहिनी म्हणाल्या. गुप्तहेरगिरी वहिनींची, सोबतीला दीर, ज्यांचं डोकं जेवणानंतर सुट्टीवर जाई.

लाँड्रीत इस्त्रीवाले काका, म्हणजे फिटरचेच वडील, चहा घेऊन आले. भावोजींनी कप इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. टेबल डुगडुगलं आणि चहा थेट विजारीवर.

"जागा तरी बरी निवडलीत," म्हणत वहिनी पुसायला वाकल्या आणि टेबलाच्या पायांकडे जरा जास्तच वेळ बघत राहिल्या.

मशीनवाल्या बाई म्हणाल्या, "पाइप आधी सारखा खडखडायचा. सोमवारी जेवून आले, तर गप्प. त्यानंतरच कपडे ओले राहायला लागले."

"मी तेव्हाच म्हटलं होतं, माझ्या ओळखीचा माणूस घ्या," मालकांचा मेहुणा म्हणाला. "सोमवारी? दिवसभर गाडीवर कपडे पोचवत होतो."

भावोजींनी वहिनींना कोपराने ढोसलं. "हाच तो."

वहिनी काकांकडे वळल्या.

"खडखडीवरून मालक पोरीला नाही नाही ते बोलायचे," काका पुटपुटले. "ऐकवत नव्हतं मला."

"खडखड होणारच," फिटर म्हणाली. "पत्रा तापून जागेवर बसेपर्यंत सांध्याचे पट्टे सैलच ठेवते, पंधरा दिवसांनी आवळते. स्क्रू मात्र कधीच मारत नाही. टोक आत निघतं आणि त्यावर कपड्यांतून उडणारं धाग्यांचं तूस अडकतं."

वहिनींनी मालकांना गळ घालून शिडी लावून घेतली. भावोजी कुरकुरत चढले.

"वहिनी, इथे चार स्क्रू आहेत. चांगले बोटभर लांब."

सांधा उघडला, तर आत उशीएवढा तुसाचा गोळा.

"मेहुणे बाहेर होते. बाई जेवायला गेल्या होत्या," वहिनी म्हणाल्या. "मागे राहिलं कोण? आणि या टेबलाच्या चारही पायांतला एकेक स्क्रू गायब आहे. खडखड थांबली की पोरीला कुणी बोलणार नाही, एवढंच होतं मनात. हो ना काका?"

काकांनी मान खाली घातली. "तुझं नाव राखायला गेलो गं. पण त्यानेच तू बुडायला लागलीस, तेव्हा तोंड उघडायचा धीर झाला नाही."

फिटरने आधी तुसाचा गोळा पाहिला, नंतर बाबांना. मग तिला असं हसू फुटलं की शिडीवरचे भावोजीही हसायला लागले. तिने वर चढून उरलेलं तूस काढलं, भोकांवर पत्र्याची चिकटपट्टी लावली, पट्टा चढवला आणि चारही स्क्रू टेबलात परत बसवले. "हे इथले आहेत, बाबा."

पाच वाजता ड्रायरमधून टॉवेल निघाले, गरम आणि कोरडे. वर पाइप पुन्हा खडखडू लागला. काकांनी घाबरून मालकांकडे पाहिलं.

"वाजू दे," मालक टॉवेलवरून हात फिरवत म्हणाले. "पोरीचं काम चोख आहे."