वजा चिन्ह

वालीवच्या एका औद्योगिक गाळ्यात, पोटमाळ्यावर एलिनाचं ऑफिस होतं. खाली स्क्रू-बोल्ट बनवणारा कारखाना, शेजारी पुठ्ठ्याची खोकी. दिवसभर लेथची थरथर फरशीतून पायांत यायची आणि तेलाचा कडवट वास जिन्यानं वर चढायचा. कंपनी जेमतेम दहा-बारा माणसांची. मासेमारीच्या बोटींवर बसवायच्या पेट्या ते बनवत. विटेएवढी नारिंगी पेटी दर पाच मिनिटांनी बोट कुठं आहे ते कळवायची. लाल बटण दाबलं की मदतीची हाक जायची. पेटीत चालणाऱ्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, म्हणजे कर्नल, एलिना लिहायची. भूपेश तो तपासायचा.

एक्केचाळीस नंबरची पेटी तिनं पाचूबंदरला आपल्या वडिलांच्या, सिप्रियनच्या, बोटीवर बसवली होती. एक ऑक्टोबर, संध्याकाळी सहाचा सुमार. सिप्रियननं ती धक्क्यावरच्या झाडून सगळ्यांना दाखवली. बाकीचे नाखवे किनाऱ्याला लागले की पेटी बंद करायचे. सिप्रियननं एकदा चालू केली ती केलीच. बंदरात तो तिला चार्जिंगला लावायचा, पण बंद करायचा नाही.

"बंद कशाला करू?" तो म्हणायचा. "लेकीला दिसतो ना मी."

आणि तो खरंच दिसायचा. ऑफिसात चहा पिताना एलिना नकाशा उघडायची. किल्ल्याच्या बाजूला, खाडीच्या तोंडाशी एक हिरवा ठिपका. पप्पा घरी आहेत. किंवा पश्चिमेला, दूर. पप्पा जाळ्यावर आहेत.

सव्वीस ऑक्टोबरला दुपारी अडीचला ठिपका थांबला. रविवार होता, कुणी पाहत नव्हतं. पाहिलं असतं तरी पेटी बंद केली असेल, असंच वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी पहाटे कुठल्या तरी जहाजाची धडक बसून बोट फुटली. सकाळी ती बंदराला आली नाही, तेव्हा शोध घेणाऱ्यांनी शेवटच्या ठिपक्याभोवतीचं पाणी दोन दिवस पिंजून काढलं. पण धडकेपर्यंत बोट तिथून पंधरा मैलांवर गेली होती. शोधाच्या दुसऱ्या संध्याकाळी अर्नाळ्याच्या एका बोटीला खलाशी काशीराम सापडला, डिझेलच्या रिकाम्या कॅनला मिठी मारून तरंगणारा. बोटीवर दोघंच होते. सिप्रियन सापडला नाही.

काशीराम आठवड्यानं बोलता झाला. एलिना त्याच्या खाटेशी बसली होती.

"पानी लय गार व्हतं बाय," तो म्हणाला. "कॅन एकच. त्यानं मला दिला. पेटी गल्यात बांधली व्हती त्यानं. लाल बटन दाबलं. बत्ती पेटली. मला म्हनला, घाबरू नको काशीराम, माझ्या एलिनानं बघितलं आपल्याला."

"किती वाजता?"

"उजाडलं तवा. दुपारपत्तर तेच म्हनत व्हता. बघितलं तिनं, येतायत."

एलिना उठून बाहेर आली आणि भिंतीला हात लावून उभी राहिली.

ऑफिसात तिनं सगळा कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला. चूक तिसऱ्या दिवशी सापडली. पेटी सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले, हा आकडा एका फाईलमध्ये चिन्हासह ठेवला होता, म्हणजे तो वजाही होऊ शकत होता. असा आकडा दोनशे चौदा कोटींच्या थोडा पुढं भरतो, आणि पुढचा एक मिलिसेकंद मोजताना थेट वजा दोनशे चौदा कोटींवर जाऊन पडतो. संदेश पाठवणाऱ्या दुसऱ्या फाईलमध्ये मात्र वेळ मोठ्या, चिन्हाविना आकड्यात होती. ती घड्याळाला विचारायची, पुढच्या संदेशाची वेळ झाली का? घड्याळ वजातून उत्तर द्यायचं: अजून नाही. मदतीची हाकही त्याच दारातून जात होती. हे घडायला पेटी चोवीस दिवस, वीस तास आणि एकतीस मिनिटं सलग चालू राहावी लागते. बंदरात पेटी बंद करणाऱ्यांच्या बाबतीत ते कधीच घडलं नसतं.

कोड यंत्राच्या भाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमनं, कंपायलरनं, इशारा दिला होता. दोन फाईलींत आकड्यांचे प्रकार जुळत नाहीत, असं स्पष्ट सांगितलं होतं. जुलैतल्या एका शुक्रवारी, निघायच्या घाईत, कुणीतरी कंसात प्रकाराचं नाव टाकून तो इशारा गप्प केला होता. ओळीसमोर नाव होतं: एलिना.

"मीपण तपासलं होतं," भूपेश म्हणाला. "मला पण नाही दिसलं."

"तू तपासलंस. लिहिलं मी."

तिनं सगळा कर्नल धुऊन काढला. तेवीस ठिकाणी आकडे जुळत नव्हते. वेळेचा प्रकार सगळीकडे एकच केला: मोठा, चिन्हाविना. स्क्रीनवर वेळ छापणाऱ्या ओळीही बदलल्या. आता वजा चिन्ह छापायला त्या कोडमध्ये जागाच उरली नाही. आठ नोव्हेंबरला दुपारी तिनं नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली आणि डोकं टेबलावर टेकलं.

"एलिना," भूपेशचा आवाज आला. "हे काय आहे?"

स्क्रीनवर एक ओळ आली होती. पेटी एक्केचाळीस. चालू काळ: वजा एकशे दोन कोटी, आणि पुढं सात आकडे.

पाच मिनिटांनी दुसरी ओळ आली. वजा, पण तीन लाखांनी कमी. पाच मिनिटांचे बरोबर तीन लाख मिलिसेकंद.

"जुना डेटा असेल कुठंतरी अडकलेला," भूपेश म्हणाला.

एलिनानं कागदावर गणित मांडलं. एक ऑक्टोबरच्या संध्याकाळपासून मोजत आलं, तर पेटीचं घड्याळ या क्षणी नेमकं इथंच असायला हवं होतं. मध्ये एक मिलिसेकंदही तुटला नव्हता.

"बॅटरी तीन दिवसांची असते," भूपेश म्हणाला. मग हळूच, "आणि वजा छापतंय कसं?"

त्यांनी छापणारी ओळ पुन्हा उघडून पाहिली. नवीच होती. वजा चिन्हाला तिथं खरंच जागा नव्हती.

ओळीसोबत येणारं ठिकाण किनाऱ्यापासून बरंच दूर होतं. दुसऱ्या दिवशी थोडं पूर्वेला सरकलं. तिसऱ्या दिवशी आणखी. भरती असो की ओहोटी, त्याला फरक पडत नव्हता. वाहत जाणारी वस्तू पुढं-मागं होते. हे सरळ रेषेत येत होतं, एकाच गतीनं, थकलेला माणूस पोहेल तसं. एलिनाच्या सांगण्यावरून दोन बोटी त्या ठिकाणी जाऊन आल्या. नुसतं पाणी होतं, स्वच्छ, शांत.

ती रोज आकडा बघायची. वजा नव्वद कोटी. वजा साठ. शून्य कधी येणार ते तिनं पहिल्याच दिवशी काढलं होतं: वीस नोव्हेंबर, सकाळी अकरा वाजून दोन मिनिटं.

आदल्या दिवशी दुपारी ती घरी लवकर आली. तिची आई रिटा अंगणात बोंबील वाळत घालत होती.

"आय, मला सांगायचंय."

रिटानं मान वर केली नाही. एलिनानं सगळं सांगितलं. तो शुक्रवार, तो कंस, तो गप्प केलेला इशारा. पेटी चालू ठेवली म्हणूनच ती मुकी झाली, हेही सांगितलं. सांगताना तिचा आवाज सपाट होता. रिटा बोंबील एकमेकांत अडकवत राहिली. हात थांबले ते बऱ्याच वेळानं.

"त्याला ठाव नव्हतं ना?" तिनं विचारलं.

"काय?"

"की हाक जात नाय ते."

"नाही. त्यांना वाटलं, मी बघतेय."

रिटानं ओले हात पदराला पुसले. "मग बरं," ती म्हणाली, आणि तिथंच खाली बसली. तिचे खांदे हलत राहिले. एलिना तिच्याजवळ गेली नाही. जायचा आपल्याला हक्क नाही असं तिला वाटलं.

वीस तारखेला साडेदहालाच ती धक्क्यावर येऊन उभी राहिली. लिलाव संपला होता. ओट्यावर खवले चिकटले होते, बर्फाचं पाणी उतारानं वाहत होतं. बोटी बाहेर गेलेल्या. ऊन पाठीवर लागत होतं. तिनं फोनवर ओळी उघडल्या.

दहा सत्तेचाळीसला ठिपका खाडीच्या तोंडाशी होता.

दहा बावन्नला गाळाच्या पट्ट्यावर. तिनं वर पाहिलं. गाळावर बगळे होते. एका जागचे चार-पाच उडाले आणि थोडं बाजूला जाऊन बसले.

दहा सत्तावन्न. धक्क्याच्या पायऱ्या.

वारा पडला होता. पायऱ्यांशी पाणी हलत नव्हतं.

अकरा दोन. ओळ आली.

चालू काळ: शून्य.

ठिकाणाचे आकडे तिनं फोनच्या आकड्यांशी ताडून पाहिले. शेवटच्या अंकापर्यंत तेच होते. ती जिथं उभी होती, तेच.

"पप्पा," ती म्हणाली. "मी बघितलं नाही. पप्पा, मी बघितलंच नाही."

ती तशीच उभी राहिली. तोंडाला खारट लागत होतं. तिनं दोन्ही हात थोडे पुढं धरले होते, हे तिला मागाहून कळलं.

अकरा तेराला फोन वाजला. भूपेश होता.

"तू धक्क्यावर नवी आवृत्ती घेऊन गेलीस का?" त्यानं विचारलं. "केबल, लॅपटॉप, काही?"

"नाही. का?"

"एक्केचाळीसनं नवी आवृत्ती घेतलीय. आत्ता. काळ चिन्हाविना येतोय, साडेसहा लाख, बरोबर चढतोय."

एलिनानं डोळे मिटले. नवी आवृत्ती आपोआप चढत नसे. पेटीचं झाकण उघडून आतलं बारीकसं बटण दहा सेकंद दाबून धरावं लागे. कुणी चुकून दाबू नये म्हणून तशी सोय तिनंच केली होती. वापरायच्या सूचनाही तिनंच लिहिल्या होत्या.

"नोंद वाच," ती म्हणाली.

"अकरा चार. दोन सेकंद दाबलं, सुटलं." भूपेश सावकाश वाचत होता. "अकरा पाच. तीन सेकंद, सुटलं. पुन्हा अकरा पाच, एक सेकंद. अकरा सहा. अकरा सात. अकरा आठ. सगळं सुटलंय, एलिना. सहा वेळा. सातव्यांदा दहा सेकंद पूर्ण. पण इतक्या वेळा कसं सुटेल?"

सूचनांच्या पानावर त्या बटणासाठी तिनं एकच ओळ लिहिली होती: बोट कोरडं करून दाबा, ओलं बोट घसरतं.