मधला टेकू

"चाळीस दिवस या मधल्या टेकूला कुणी हात लावायचा नाही, ताई. साहेबांनीसुद्धा नाही."

मिस्त्रींचा हा आवाज अजून जसाच्या तसा कानात आहे. मी रोज देवापुढे बसणारी बाई. खोटं लिहून मला काय मिळायचंय? हे आमच्याच घरी घडलं. आणि मी लिहितेय तेव्हाही ते संपलेलं नाही.

कारखान्यातून निवृत्त झाल्यावर यांनी घराशेजारच्या मोकळ्या जागेत गॅरेज बांधायला काढलं. खाली गाडी, लेथ मशीन, कामाचं टेबल. वर दोन खोल्या, आमच्या मुलीसाठी. ती छोटीला, आमच्या नातीला, घेऊन कायमची परत येणार होती. का, ते आम्ही विचारलं नाही. तिला स्वतःचं म्हणून एक दार हवं होतं, एवढं कळत होतं.

मिस्त्री म्हणाले, मधे एक खांब घ्या.

"खांब आला तर गाडी वळणार कशी?" हे म्हणाले.

"मग वरच्या खोल्या काय तुमच्या शब्दावर उभ्या राहणार, साहेब?"

हे हसले. खांब काही झाला नाही.

मिस्त्रींची कामाची एक रीत होती. टेकू काढताना खालचा माणूस विचारणार, "सोडू का?" वर कुणी नाही हे बघून दुसऱ्याने "सोडा" म्हणायचं. मगच टेकू निघणार. स्लॅबचे बाकीचे टेकू असेच निघाले. मधला मात्र त्यांनी मागे ठेवला आणि मला बोलावून घेतलं.

"याचा होकार तुम्ही द्यायचा, ताई. साहेबांना घाई असते. वर जाऊन स्वतः बघायचं आणि मला सांगायचं. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून मी सोडणार नाही."

मी शब्द दिला.

एकतिसाव्या दिवशी मिस्त्री गेले. त्यांच्या घरी, झोपेतच.

चौतिसाव्या दिवशी मी बाजारातून आले, तर टेकू भिंतीशी आडवा पडलेला. दुसऱ्या दिवशी मुलगी सामान घेऊन येणार होती, म्हणून यांनी तो एकट्यानेच काढला होता. कुणालाही न विचारता.

"बघ, केसाएवढी चीर नाही," हे म्हणाले.

खरंच नव्हती.

मुलगी आली, त्याच्या दुसऱ्या दिवसाची ती पहाट.

मी पाच वाजता देवापाशी दिवा लावते आणि उजाडेपर्यंत मौन पाळते. चौदा वर्षांत एक दिवस चुकलेला नाही. देवघराची खिडकी गॅरेजकडे उघडते. डोळे मिटले. आणि...

कुणीतरी श्वास घेत होतं.

झोपलेल्या माणसाचा श्वास नव्हे. ओझं पेलणाऱ्या माणसाचा. आत ओढलेला... धरून ठेवलेला... मग दातांतून हळूच सोडलेला.

उजाडल्यावर गॅरेज उघडलं. आत कुणी नव्हतं. आदल्या दिवशी यांनी फळ्या कापल्या होत्या. लाकडाचा बारीक भुसा सगळीकडे बसला होता. गाडीवर, टेबलावर, फरशीवर.

फक्त मधे दोन जागा स्वच्छ होत्या...

दोन पावलांएवढ्या.

मी झाडून काढलं. पुन्हा भुसा बसला. पुन्हा त्या दोन जागा स्वच्छ.

हळूहळू लक्षात आलं, हे तिथे पाय ठेवत नाहीत. हातात जड फळी असली तरी वळसा घालून जातात. गाडीही तिरकी लावायला लागले. खांब नको म्हणणारा माणूस नसलेल्या खांबाला वळसा घालत होता.

"गाडी सरळ लावा की," मी एकदा म्हटलं.

"सरळच आहे." माझ्याकडे बघितलं नाही.

नवव्या पहाटे आवाज आला.

"ताई... सोडू का?"

मिस्त्रींचाच. दमलेला, पण अदबीचा.

वर मुलगी आणि छोटी झोपलेल्या. आणि माझं मौन चालू.

मी बोलले नाही.

त्यानंतर रोज एकदाच विचारायचे. मी रोज गप्प. व्रत आहे ना, असं स्वतःला सांगायची. पण खरं लिहिते... उजाडल्यावरही मी तोंड उघडत नव्हते. श्वास ऐकू येईनासा होईपर्यंत तशीच बसून राहायची. देवाचं नाव पुढे करून मी एका गेलेल्या माणसाला कामाला जुंपलं होतं.

वर मुलगी सावरत होती. तिने पडदे शिवले. जेवताना हसायला लागली. छोटीने जिन्याच्या एकेका पायरीला नाव दिलं होतं, आणि नाव घेतल्याशिवाय ती कुणाला वर जाऊ द्यायची नाही. हे सगळं कुणी पेललंय, ते त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

आठ महिने गेले. आवाज बारीक होत चालला.

शेवटी मी यांना म्हटलं, "मधे लोखंडी खांब बसवून घेऊ."

मला वाटलं वाद घालतील. हे उठले, गाडी बाहेर काढून रस्त्यावर लावली आणि वेल्डरला फोन केला.

वेल्डरने माप घेतलं. खांब आणला, त्या दोन जागांना लागून उभा केला, वर बीमला घट्ट टेकवला.

सकाळी बघतो तर खांब आणि बीम यांच्यात दोन बोटं फट.

त्याने वर लोखंडी पट्टी सारली. दुसऱ्या दिवशी पुन्हा फट.

"काकू, माझं माप चुकत नाही," तो म्हणाला. "तुमचं घरच वर जातंय." आणि स्वतःच्याच विनोदाला हसला.

आम्ही दोघं हसलो नाही.

"वजन पेलेल ना हा?" मी विचारलं.

"पेलेल की. पण वजन त्याच्यावर यायला तर पाहिजे."

तेव्हा मला कळलं. मिस्त्री खांबाला वजन देत नव्हते. माझ्या होकाराशिवाय देणारही नव्हते.

काल संध्याकाळी मुलीला म्हटलं, "आज तुम्ही दोघी खाली माझ्या खोलीत झोपा."

"का गं आई?"

"सांगेन."

हे गॅरेजच्या दारात उभे होते. लेथकडे बघत म्हणाले, "हे मशीन काही हलणार नाही. राहू दे तिथेच."



आत्ता पाचला दहा मिनिटं आहेत. मुलगी आणि छोटी गाढ झोपल्यात. हे झोपल्याचं सोंग घेऊन पडलेत. दिवा आज लावलेला नाही. चौदा वर्षांत पहिल्यांदाच. देव समजून घेईल की नाही, माहीत नाही. खांब पेलेल की नाही, तेही माहीत नाही.

गॅरेजमध्ये श्वास सुरू झालाय...

आज तो मधेच तुटतोय.

मुलगी इथे माझ्यासमोर आहे, वर कुणी नाही, हे मला ठाऊक आहे. पण बघायचं म्हणजे बघायचं. दोन्ही खोल्या, न्हाणीघर, पलंगाखाली.

चपला दाराशी काढून ठेवल्यात. वरची किल्ली घेते आणि निघते.