पंधरा लाल दिवे

पुढची मोटारसायकल थांबली आहे हे प्रियदर्शनीला कळलं, ते तिच्यावर आदळल्यावरच.

सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली संध्याकाळ. कराडचा कोल्हापूर नाका ओलांडून ती सायकलवरून मलकापूरला, घरी निघालेली. उसानं भरलेली बैलगाडी एकाएकी आडवी आली, पुढच्यानं करकचून ब्रेक मारला आणि प्रियदर्शनी सायकलसकट त्याच्या मागच्या चाकावर जाऊन पडली. डबा एकीकडे, चप्पल दुसरीकडे, आणि उजव्या तळहाताची सालटी निघालेली.

तो गाडी लावून धावत आला. "आवं बाई… लागलं काय?"

"न्हाई, फुलं पडली अंगावर!" ती उठता उठता ओरडली. "मागचा दिवा कुठाय तुमचा?"

"हाय की."

"हाय म्हंजे नुसता चिकटलाय. पेटतो का? दाबा बघू ब्रेक."

त्यानं गुपचूप जाऊन ब्रेक दाबला. मागं काही उजळलं नाही.

"परवाच नवा बल्ब घातला वता…" तो डोकं खाजवत म्हणाला. "आमच्या शिवारातला रस्ता लय खडखडीचा हाय. आतली तार तुटती. ह्या वर्षातला चौथा बल्ब हा."

"चौथा! आणि तरी गाडी घेऊन हिंडताय?"

तो तिचा डबा सदऱ्याच्या बाहीनं पुसत होता आणि ओठांच्या कडेनं हसत होता. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसताय कशाला?"

"हसत न्हाई… तुमच्या नाकाला वंगण लागलंय. दोनी बाजूला. मिशीगत."

तिनं नाक पुसलं, आणि हात झोंबला तसा राग आणखी चढला. तो हात तिच्या कामाचा होता. आयटीआय केल्यापासून ती कराडला व्होल्टेज स्टॅबिलायझर बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. रोज दीड-दोनशे टाके द्यायचे, सोल्डरिंगचे. आता चार दिवस कसली सोल्डरिंग!

"बल्ब बदलत बसू नका," ती म्हणाली. "दिवाच बदला. स्टॅबिलायझरवर बारके लाल दिवे असतात बघा, एलईडी. त्यात तारच नसती, तर तुटणार काय? तसले मोठे पंधरा आणा. मी लावून देते."

"तुमी?"

"का? बाईमाणसाच्या हातानं पेटत न्हाईत व्हय?"

"तसं न्हाई वो… मी हळद घेऊन दर आठवड्याला सांगलीला जातो. तिथनं आणतो. पन माझ्यासाठी एवढं कशाला…"

"तुमच्यासाठी कोण करतंय? मी रोज ह्याच रस्त्यानं जाते. मला परत पडायचं न्हाई." तिनं सायकल उभी केली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत बघत सांगितलं, "रविवारी या. बौद्धवस्तीत राजाराम कंडक्टरचं घर विचारा."

बौद्धवस्ती म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरचं काहीतरी हलतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. ती त्याचीच वाट बघत होती. पण ह्याच्या चेहऱ्यावरचं काही हललं नाही.

"येतो," तो म्हणाला. "मी जयराज."

रविवारी तो आला आणि खिशातून मोठ्या ऐटीत पुडी काढली. पुडीत पंधरा दिवे. सगळे हिरवे.

प्रियदर्शनी बघतच राहिली. "हे काय?"

"लाल पन वते. पन हे लय झ्याक दिसत वते… म्हटलं, हिरवा रंग डोळ्याला बरा."

"आवं, ब्रेकचा दिवा हाय तो! मागून येणारा हिरवा बघून थांबेल का वाट मोकळी समजून अंगावर येईल? जावा परत सांगलीला!"

आतून तिची आई, मुक्ताबाई, हसू दाबत म्हणाली, "पिंके, आगं चहा तरी घेऊ दे की त्येला."

त्यानं चहा घेतला. कप खाली ठेवून सहज विचारलं, "मावशी, अजून हाय का?" प्रियदर्शनी रागात होती, तरी ते तिच्या कानांनी नीट टिपलं.

पुढच्या रविवारी लाल दिवे आले. अंगणात पोत्यावर बसून तिनं छिद्रांच्या पाटीवर पाच-पाचच्या तीन ओळी बसवल्या. प्रत्येक ओळीला एक रेझिस्टर जोडला.

"हे कशाला?" त्यानं विचारलं.

"बॅटरीतला करंट आवरायला. न्हाईतर दिवे क्षणात जळून जातील."

"तुमाला पन एक बसवायला पायजे वता."

तिनं मान वर केली. तो अगदी निरागस तोंड करून वायर धरून बसला होता… आणि तिच्याकडे बघण्याच्या नादात त्याचं बोट तापलेल्या टाक्याला लागलं. "आयाई गं!"

"कथील हाय ते, गूळ न्हाई, चाखायला!" ती खेकसली, पण त्याचं बोट तिनं आपल्या हातात कधी घेतलं आणि त्यावर फुंकर कधी घातली, ते दोघांनाही कळलं नाही. कळल्यावर तिनं ते झटकन सोडलं.

ब्रेकच्या स्विचची वायर पाटीला जोडली, लाल काच वर बसवली, स्क्रू पिळले. ती चालत गल्लीच्या टोकापर्यंत गेली. तिथून ओरडली, "दाबा!"

भर दुपारच्या उन्हातही पंधरा दिवे रसरशीत उमटले.

"कसं दिसतंय?"

"तुमच्यापेक्षा बरं!"

त्यानंतर त्याच्या गाडीला दर रविवारी काहीतरी होऊ लागलं. कधी हॉर्न घोगरा वाजायचा, कधी इंडिकेटर बंद पडायचा. एकदा तिनं इंडिकेटर उघडला तर आत वायर हातानं उपसलेली.

"खरं सांग, तूच उपसलीस का न्हाई?" तुमीचं तू झालं ते असं, भांडणातच.

"व्हय," तो म्हणाला. "मग यायचं कसं, पिंकी?"

"पिंकी म्हणू नको. ते घरच्यांसाठी हाय."

"मग… थांबतो की तवर."

त्या दिवशी सोल्डरिंग आयर्न तापत ठेवून ती दहा मिनिटं नुसतीच बसून राहिली होती, असं मुक्ताबाई पुढं बरेच दिवस सांगायची.

मार्चात एका संध्याकाळी ती कामावरून परतत होती. नाक्यावरच्या चहाच्या गाड्यापाशी जयराजची मोटारसायकल दिसली. शेजारी फेटेवाला, भरदार मिशांचा माणूस, त्याचे वडील लालासाहेब, कंबरेवर हात ठेवून मागचा दिवा न्याहाळत होते. ती सायकलवरून उतरली. जयराजनं तिला पाहिलं. तिनं पाहिलं, की त्यानं पाहिलंय.

"जया, दिवा लय भारी बसवलाय रं," लालासाहेब म्हणाले. "कुणी केला?"

चार हातांवर ती उभी होती. जयराजनं तिच्याकडे बघितलं, वडिलांकडे बघितलं, आणि मग रस्त्याकडे बघत म्हणाला, "सांगलीत… एका दुकानात बसवून घेतला, आबा."

प्रियदर्शनीच्या कानांत काहीतरी सणसणलं. तिनं सायकल स्टँडवर लावली. पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. मोटारसायकलच्या मागं उकिडवी बसून पहिला स्क्रू फिरवायला लागली.

"ए पोरी! काय चाललंय?" लालासाहेब ओरडले.

"माझं हाय ते काढून घेते, काका." दुसऱ्या स्क्रूला हात घालत ती म्हणाली. "सांगलीच्या दुकानानं न्हाई केलं. मी केलंय. मलकापूरच्या बौद्धवस्तीत, आमच्या अंगणात. माझं नाव प्रियदर्शनी राजाराम कांबळे. तुमच्या लेकाला ते म्हाईत हाय. फकस्त उच्चारता येत न्हाई."

लाल काच निघाली, पाटी निघाली. वायर तिनं कात्रीनं तोडली आणि उघडं टोक मात्र नीट टेपनं गुंडाळलं. चहाच्या गाड्यावरची माणसं कप हातात धरून थिजली होती.

"प्रियदर्शनी…" जयराज पुटपुटला.

"आता येतंय व्हय तोंडात?"

घरी आल्यावर ती आईशी बोलली नाही, जेवली नाही. रडू येत होतं याचाच तिला जास्त राग येत होता. एक ओळीचं नाव होतं फक्त! ते घेतलं असतं तर आभाळ कोसळणार होतं का… आणि कोसळलं असतं, तर तिनं खांदा लावला नसता का?

एक रविवार कोरडा गेला. आठव्या दिवशी, सोमवारी, ती कामावरून आली तर जयराज अंगणात उभा. दाढी वाढलेली, पायांवर धुरळा. चालत आला होता.

"गाडी कुठाय?" तिनं विचारलं.

"आबांनी किल्ली काढून घेतली."

"दिवा न्यायला आलायस?"

"न्हाई. सांगायला आलोय. मी घरात सांगितलं… तुझं नाव, आडनाव, वस्ती. दिवा तूच केलास ते. आणि मला तुझ्याशीच लगीन करायचंय, ते बी. आबा बोलायचं बंद झालेत. आई रडती. मी चार दिवस मळ्यावरच्या खोपीत ऱ्हातोय."

"चार दिवस? आणि आधीचे चार?"

त्यानं मान खाली घातली. "तवा भ्यालो वतो."

हे ऐकून तिच्या आत घट्ट आवळलेलं काहीतरी सैल पडलं. त्यानं थाप मारली असती, तर तिनं त्याला फाटकाबाहेर काढलं असतं.

"मोठ्यानं बोल," ती म्हणाली. "दारात आई हाय. शेजारी ऐकताहेत. एकदा गिळलंस ना माझं नाव… आता सगळ्यांपुढं घे."

त्यानं वर बघितलं. घसा खाकरला. गल्लीच्या टोकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाला, "मावशी, मी जयराज लालासाहेब मोहिते. तुमच्या प्रियदर्शनीवर माझा लय जीव हाय. घरचे आले तर त्यांच्यासंगं मागणी घालीन. न्हाई आले तर एकटा येईन. पन येईन."

मुक्ताबाईनं पदर तोंडाला लावला. शेजारची कुणीतरी खिडकी हळूच उघडली.

"बाबा साडेसहाला ड्युटीवरनं येतील," प्रियदर्शनी म्हणाली. "हेच त्यांच्यापुढं बोलायचं. एक अक्षर कमी न्हाई."

"बोलतो. पन तू… तू काय म्हणतीस?"

"मी अजून रागात हाय."

"किती दिवस ऱ्हाणार?"

"लय दिवस! लगीन झाल्यावर बी जायचा न्हाई माझा राग!"

बोलून गेली, आणि मग तिला ऐकू आलं आपण काय बोललो ते. कानशिलं तापली. तो बघत होता… डोळे काठोकाठ भरलेले.

"बघतोस काय?" ती तणतणली, आणि ओट्यावर सरकून त्याच्यापुरती जागा केली. "बस की. चालत आलास ना एवढ्या लांबनं."