मोजलेली माणसं

जरा डोळे मिटा.

एक सरळ रस्ता आणा डोळ्यांसमोर. दोन्ही बाजूंना एकसारखी बैठी घरं. प्रत्येक घराला एक पायरी, एक खिडकी आणि दारावर एक दिवा. रस्त्याच्या एका टोकाला बाटल्यांचा कारखाना, दुसऱ्या टोकाला शाळा.

आता कारखाना बंद करा. आणि बहुतेक घरांना कुलपं लावा.

लावलीत? मग ऐका. हे घडलेलं आहे. त्या शाळेत मी शिकवत होते, त्या रस्त्यावर राहत होते. ज्यांना पटणार नाही त्यांनी डोळे उघडावेत आणि दुसरं काही वाचावं. माझा राग नाही.

हिवाळा होता. शिरगणतीचं वर्ष.

शिरगणती म्हणजे काय, हे मी वर्गात सोपं करून सांगायचे. दर दहा वर्षांनी सरकार दारात येतं आणि विचारतं, तुम्ही घरात किती जण? मुलं लगेच बोटं मोजायला लागायची. कुणी मांजरही मोजायचं.

आधीच्या शिरगणतीला आमच्याकडे बोटं पुरत नव्हती. एकेका घरात दोन चुली. शाळा दोन पाळ्यांत भरायची, तरी एका बाकावर चौघं आणि पाचवा कडेला लटकलेला.

मग कारखाना बंद पडला.

आधी तरुण मुलं गेली. मग त्यांच्या बायका. मग त्यांनी पोरांना बोलावून घेतलं. शेवटी म्हातारी माणसं गेली, म्हणजे नेली गेली, सामानाबरोबर. जाणारा प्रत्येक जण शेजारी चावी ठेवून जायचा. "येतोच आम्ही," म्हणायचा.

पहिल्या काही घरांना आम्ही रडलो. पुढे पुढे ट्रक आला की फक्त खिडकी लावून घ्यायचो. धूळ येते म्हणून.

माझ्या शाळेत ओंजळभर मुलं उरली. त्यातली एक भिंगरी. खरं नाव वेगळं होतं, पण एका जागी बसेल तर शपथ, म्हणून भिंगरी. तिचे आईबाबा दूरच्या शहरात पॅकिंगच्या कामाला होते. एका खोलीत तीन कुटुंबं. तिथे पोरीला ठेवणार कुठे? म्हणून भिंगरी इथे, आजोबांकडे. आजोबा कारखान्याचे जुने पहारेकरी. त्यांच्या दारासमोरच, रस्त्यापलीकडे, भिंगरीचं स्वतःचं घर. कुलूप लावलेलं.

शाळेतून येताना ती रोज त्या पायरीवर थोडा वेळ बसायची. तेवढाच वेळ एका जागी.

त्या वर्षी वरून निरोप आला. गणतीत अर्ध्याहून जास्त घरं बंद निघाली तर वसाहतीची शाळा बंद, पाणी बंद, बस बंद. मुलांना वसतिगृहात पाठवायचं.

भिंगरीने मला एकच विचारलं. "बाई, आई सुट्टीला आली आणि मी इथे नसले तर?"

मी म्हटलं, "बघू."

त्या संध्याकाळी आम्ही सगळे शाळेत जमलो. सगळे म्हणजे तरी किती, एका वर्गात मावलो.

"बंद घर साहेबाला दिसलं तर ना?" नळवाले काका म्हणाले. "दिसूच द्यायचं नाही. चाव्या आपल्याकडे आहेत. दिवे लावू. दोरीवर कपडे टाकू. दारात चपला ठेवू. विचारलं तर सांगायचं, आत्ताच बाहेर गेलेत."

"चपला दारात ठेवून अनवाणी गेले का हो?" शिंपीणकाकू म्हणाल्या.

खूप दिवसांनी सगळे हसले.

घरं वाटून घेतली. शिंपीणकाकूंनी शेजारचं घर घेतलं, त्यांच्या थोरल्या मुलाचं. तो बंदरावर कामाला गेला होता. भिंगरीने अर्थात स्वतःचं घेतलं. या घरांची एक गंमत होती. दारावरच्या दिव्याचं बटण बाहेर, चौकटीवरच होतं. पहारेकऱ्याला फेरीत दिवे लावता यावेत म्हणून कारखान्याने तसं बांधलेलं. त्यामुळे टाचा उंच केल्या की भिंगरीचा हात पोचायचा.

गणतीचे साहेब आले ते सर्दीने हैराण होऊन. नाक चोंदलेलं, डोळे लाल. कधी एकदा संपतंय असं झालेलं. घरात कुणी नसेल तर शेजाऱ्याने सांगितलेलं चालतं, असं तेच म्हणाले.

शिंपीणकाकू तर रंगातच आल्या. "थोरला ना? आहे की! रात्रभर खोकतो मेला. औषध घे म्हटलं तर ऐकेल तर ना!"

नळवाले काकाही मागे राहिले नाहीत. "या ओळीला फार पाणी लागतं साहेब. दुपार नाही होत तोवर टाकी कोरडी!"

मग आम्ही भिंगरीच्या घरापाशी आलो. ती आधीच पायरीवर उभी होती.

"घरात किती जण?"

मी बोलणार होते. ती आधी बोलली.

"आई, बाबा आणि मी."

"आई कुठे आहे?"

"आत. स्वयंपाक करतेय."

साहेबांनी बंद दाराकडे पाहिलं. मान हलवली.

"हं... वास छान येतोय," म्हणाले.

मला वाटलं, पोरीचं मन राखायला म्हणाले असतील. त्यांच्या नाकातून तर श्वासही जात नव्हता.

पलीकडे आजोबांनी नेहमीच्या सवयीने सांगितलं, "मी आणि माझी नात." साहेबांनी मान वर न करता तेही लिहिलं.

म्हणजे भिंगरी दोनदा मोजली गेली. माझ्या लक्षात आलं. शाळेला एक मूल जास्तच होत होतं. मी गप्प राहिले.

जाताना साहेब म्हणाले, "पडताळणीला वरचे अधिकारी येतील. कधी, ते सांगता येत नाही."

म्हणून दिवे चालूच ठेवले.

आणि मग सुरू झालं.

पहिल्यांदा नळवाले काका आले. चेहरा उतरलेला. "बाई, टाकी दुपारच्या आत संपली."

"गळती असेल."

"सगळी ओळ तपासली. बंद घरांचे कॉक मी स्वतः आवळलेत. तरी पाणी जातंय. जातंय म्हणजे... पूर्वी जायचं तसं. सकाळी जास्त, मग कमी, मग भांडी घासायच्या वेळेला पुन्हा जास्त."

मी त्यांच्याबरोबर गेले. एका बंद घराच्या भिंतीला कान लावला.

आत नळ चालू होता...

कुणीतरी तो बंद केला.

आम्ही कुलूप काढून आत गेलो. मोरी कोरडी ठणठणीत. जमिनीवर धूळ. धुळीवर आमचीच पावलं.

दार लावलं आणि आपापल्या कामाला गेलो. तुम्हाला वाटेल, घाबरलो कसे नाही? काय सांगू. इतकी माणसं डोळ्यांदेखत गेली होती की आमच्यात घाबरणारं काही शिल्लकच नव्हतं.

मग शिंपीणकाकू. त्या मला कुंपणापाशी भेटल्या. हातात कात्री तशीच.

"खोकतोय," म्हणाल्या.

"कोण?"

त्यांनी शेजारच्या घराकडे बोट दाखवलं.

आम्ही दोघी ऐकत उभ्या राहिलो. आधी काही नाही. दोरीवरचे कपडे हलत होते, तेवढंच.

मग... कोरडा, दबलेला खोकला. थोरला लहान असताना माझ्या वर्गात शेवटच्या बाकावरून यायचा, तोच.

"काकू, घर बंद करा," मी म्हटलं.

"असू दे गं," त्या म्हणाल्या. "खोकला तर खोकला. घरात आवाज तरी आहे."

पण फोन त्यांनीच केला. माझ्यासमोर. पलीकडून मुलगा बोलला, फार हळू, झोपेत बोलतात तसा.

"आई, मला काही होत नाहीये गं. भूक नाही, झोप नाही, काही वाटत नाही. कामावर उभा असतो, पण मी तिथे नसतोच."

"कधीपासून?"

त्याने जो दिवस सांगितला तो गणतीचा होता.

काकूंनी फोन ठेवला. शेजारच्या घरापाशी गेल्या. दारातल्या चपला उचलल्या, दोरीवरचे कपडे काढले, दिवा बंद केला. त्या संध्याकाळी खोकला आला नाही. दुसऱ्या दिवशी मुलाचा फोन आला. पोटभर जेवला म्हणाला.

"गेला," शिंपीणकाकू मला म्हणाल्या. "पुन्हा गेला गं माझा पोरगा." आणि मशीनवर बसून शिवायला लागल्या.

हळूहळू सगळ्यांनी दिवे बंद केले. एकेक घर पुन्हा अंधारात गेलं.

एक राहिलं.

भिंगरीच्या घरातून फोडणीचा वास यायचा. भांड्यांचा आवाज. बांगडीचा. भिंगरी शाळेतून येऊन पायरीवर बसायची आणि दाराला पाठ टेकवायची. आत कधी गेली नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "आत गेलं तर कुणी नसणार. बाहेर बसलं की असते."

मग तिच्या बाबांचा फोन आला, आजोबांना. आजोबांना ऐकू कमी येई, म्हणून फोन मी घेतला. भिंगरी शेजारीच उभी होती.

"बाई, भिंगरीच्या आईला काय झालंय कळत नाही," तो म्हणाला. "भिंतीकडे बघत बसून असते. हाक मारली तरी बघत नाही. डॉक्टर म्हणतात, अंगात काही नाही. घास भरवला तर तोंडातच राहतो. काल एवढंच म्हणाली, मी इथे नाहीये."

"आणि तुला?"

"मला? मलाही काही वाटत नाही, बाई. पण मी चालतो तरी. ही नाही उठायची आता, असं वाटतं."

भिंगरीने सगळं ऐकलं. ती गोल फिरली नाही, उड्या मारल्या नाहीत. उभी राहिली.

मी फोनवरचं सांगितल्यावर आजोबा म्हणाले, "दिवा बंद करायला हवा. माझ्याने होणार नाही."

"मी करते," मी म्हटलं.

"माझं घर आहे," भिंगरी म्हणाली. "मी येते."

दिवस मावळत होता. आम्ही दोघींनी रस्ता ओलांडला. सगळ्या ओळीत तेवढा एकच दिवा. मी पायरीखाली थांबले. ती वर गेली.

आतून वास येत होता. पातेल्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

मग हाक आली.

"चल गं, जेवायला. गार होतंय."

तिच्या आईचा आवाज. मी तो शंभर जणींत ओळखला असता. पोरीचं बखोट धरून मागे ओढावं, असं मनात आलं. हात उचलेना.

आणि आतून कुणीतरी उत्तर दिलं...

"आले, आई!"

भिंगरीचा आवाज होता.

मी पायरीवरच्या भिंगरीकडे पाहिलं. तिचे ओठ मिटलेले होते.

आत पावलं वाजली. लहान, धावती. गिरकी घेत यावं तशी. मग पाट सरकल्याचा आवाज, आणि हसणं. दोघींचं.

इथे मी थोडं थांबते. नंतरचं आधी सांगून टाकते, कारण शेवटापाशी पोचले की मला बोलवत नाही. अधिकारी आले, त्यांना अंधारी घरं दिसली, शाळा बंद झाली. भिंगरी वसतिगृहात गेली. तिची आई उठली, कामाला जायला लागली, आजही जाते. सगळं ठीक आहे. मी आता दुसरीकडे राहते. पण कुणी दारात येऊन "घरात किती जण?" विचारलं की मी आधी मागे वळून घरात बघते. मी 'एक' म्हणते, आणि मग बराच वेळ आत जात नाही. त्या संध्याकाळी आत जेवायला बसलेली ती दुसरी पोर... ती तर कुठूनच आली नव्हती. मग ती गेली कुठे? मला माहीत नाही. मुलं प्रश्न विचारतात तेव्हा मला उत्तर द्यायला आवडतं. याचं देता येत नाही.

तर, पायरीवर भिंगरी. एक हात कडीवर. आतलं हसणं थांबलं.

"दारात कोण आहे गं?" आईने विचारलं.

आतली पोर काही बोलली नाही.

कडी किंचित वाजली. भिंगरीने माझ्याकडे वळून पाहिलं. ती रडत नव्हती. गणित सोडवताना चेहरा होतो तसा झाला होता. आतून पावलं दाराकडे यायला लागली. मोठ्या माणसाची, सावकाश.

"कोण आहे?"

"कुणी नाही," भिंगरी म्हणाली.

आणि टाचा उंच करून तिने दिवा बंद केला.

अंधारात ती बराच वेळ तशीच उभी राहिली, दाराला कान लावून. मग कडी नीट बसली आहे ना ते हाताने चाचपून पाहिलं, पायरी उतरली आणि माझ्या आधी रस्ता ओलांडून आजोबांच्या दारात जाऊन म्हणाली, "आजोबा, मला वाढा."