बिनहोडीचा काठ

होडीवाचून मासे धरता येतील असा समुद्राचा काठ शोधायचा! एवढं एकच काम डोक्यात घेऊन द्रौपदाबाई सत्त्याऐंशी सालच्या होळीच्या तीन दिवस आधी दोंडाईचा स्टेशनावर सुरतेकडच्या पॅसेंजरमध्ये चढली. समुद्र तिनं जन्मात पाहिला नव्हता.

तिच्या सोबत दोघं होते. एक तिचा धाकटा भाऊ चिंधा, अंगानं दांडगा आणि तोंडानं त्याहून दांडगा. दुसरे पुना आबा, तिच्या वारलेल्या नवऱ्याचे चुलते. आबांचे डोळे अलीकडे अधू झाले होते, पण तापीच्या पाण्याला त्यांच्याइतकं ओळखणारा माणूस दोन्ही काठांवर नव्हता. सामानात गळाच्या दोऱ्या, ओल्या मातीत गांडुळं भरलेला डबा, कळण्याच्या भाकरी, आणि दोरीनं गुंफलेले तीन मोठे वाळके भोपळे होते.

"भोपळा विकाले नेतीस का वं बाई?" डब्यातल्या एका म्हातारीनं विचारलं.

"आमनी होडी शे ती!" चिंधा म्हणाला, आणि सगळा डबा हसला.

खोटं नव्हतं ते. तापीकाठचे मासेमार भोई असाच भोपळा छातीशी बांधून नदी ओलांडायचे. पण आता ओलांडायला नदीच उरली नव्हती. दोन वर्षं पावसानं दगा दिला, पात्रात वाळू उडू लागली. एका अंगणाभोवतीची भोयांची पाच घरं आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पाच दिशांना जाणार होती, कुणी वीटभट्टीवर, तर कुणी साखर कारखान्यावर. नवरा गेल्यावर द्रौपदाबाईची दोन लेकरं त्या अंगणातच पाच चुलींवर जेवून मोठी झाली होती. एकदा विखुरलेली घरं परत एका अंगणात येत नाहीत, हे तिनं माहेरी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून ती चारचौघांत उठून म्हणाली होती, "होळीलोंग माले येळ द्या. तापी जठे जास तठे तरी पानी आसंनच ना? पाची घरं एका जागे बसतीन असा काठ मी दखी येस." कुणी हसलं नाही. कुणी हो म्हणालं नाही. आबांनी मात्र काठी उचलली, "चाल पोरी" म्हणाले.

सुरतेहून एसटीनं, मग पायी. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी ते एका खाडीकाठच्या लहान गावाला पोचले. गावाच्या कडेला दगडमातीचा लांब बांध होता, आणि बांधाला धडका देत समोर पाणीच पाणी! गढूळ, तांबूस, पार आभाळाला टेकलेलं. द्रौपदाबाई बराच वेळ नुसती उभी राहिली. एवढं पाणी, आणि आपल्या गावात हंडाभर पाण्यासाठी बायका झिरे उकरतात!

गळ टाकले. काहीच लागेना. दोरी ओढून पाहिली तर गांडूळ आक्रसून चिंधीसारखं झालेलं. मिठाचं पाणी त्याला सोसलं नव्हतं. "सकाळले दखूत," आबा म्हणाले.

सकाळी पाहिलं, तर समुद्र नव्हता!

बांधापासून नजर जाईल तिथवर चिखल. त्यात पाय रुतवून बगळे उभे. चिंधा बांधावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पळून आला.

"अक्का, काल आठेच व्हता ना वं समुद्र?"

"आठेच व्हता."

"मंग गया कठे?"

आबांना तर दोघांचाही संशय आला. "माले आंधळाले काय फसाडतंस? दुसरा गावले आणं का तुम्ही?" ते काठीनं बांध चाचपून पाहू लागले. भरती-ओहोटी हे शब्द द्रौपदाबाईनं ऐकले होते. तिची पोर शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायची, त्यात होते. पण घाटाची एक पायरी भिजते नि सुकते, एवढंच तिनं मनात धरलं होतं. अख्खा समुद्र उठून कोसभर दूर जाऊन बसतो, हे तिच्या पोरीच्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं!

तो दिवस असाच गोंधळात गेला. चिखलात शिरावं तर मांडीपर्यंत पाय रुते, पाणी आलं की गळाला काही लागेना. कुठे बसायचं, केव्हा बसायचं, कळेना. दुसऱ्या दिवशी होळी. मागितलेली मुदत संपत होती.

होळीच्या सकाळी दाट धुकं होतं. बांधाच्या उत्तर टोकाला, जिथं खाडी अरुंद होती, तिथं चिंधानं पायवाट शोधली. तळाशी घोट्याएवढं पाणी होतं, आणि ते शहाण्या नदीसारखं एका दिशेनं वाहत होतं. ते ओलांडलं की पलीकडे वाळूचा लांबच लांब दांडा, पायाखाली घट्ट. डाव्या हाताला खाडी, उजव्या हाताला कुठेतरी समुद्र. तिघं दांड्यावरून खाडीच्या मुखाकडे चालत गेली. मैलभर गेल्यावर खाडीला वळण होतं, आणि वळणाच्या पोटात काळा, गंभीर डोह!

"थांबा," आबा म्हणाले. त्यांनी खडा टाकला, कान दिला. त्यांचं तोंड उजळलं. "खोल शे. आठे मासा शे."

भोयांची रीत अशी, की अनोळखी काठावर बसण्याआधी पाण्याच्या रेघेवर बाभळीची खुंटी रोवायची. पाणी खुंटीवर चढलं तर उठायचं, खाली सरलं तर बसायचं. चिंधानं खुंटी रोवली. घटकाभरात ती कोरडी पडली.

"पानी उतरी राह्यनं," आबांनी निकाल दिला. "बठा निवांत!"

या वेळी द्रौपदाबाईनं वाळूतून उकरलेले किडे गळाला लावले. दोरी पाण्यात गेली आणि हिसका बसला! हातभर लांब, रुप्यासारखा मासा. मग मिशावाला शिंगाळा. मग पुन्हा एक! तिला हसू आवरेना. हा काठ, हाच! इथं पाच घरं काय, दहा बसतील! मासा जिकडे ओढी तिकडे तिघं सरकत गेली, धुक्यात खुंटी मागे कुठे राहिली याचं भान कुणालाच उरलं नाही.

"अक्का," खुंटी पाहायला मागे गेलेल्या चिंधाचा आवाज वेगळाच आला. "खुंटी कोनी उपटी?"

खुंटी नव्हती. ती होती तिथं गुडघाभर पाणी होतं. आणि सकाळी डावीकडून उजवीकडे वाहणारी खाडी आता उजवीकडून डावीकडे धावत होती!

"आबा! नदी उलटी वाही राह्यनी!"

"येडा व्हयना का तू?"

"धरन सोडं का काय कोनी?"

आबांनी वाकून पाण्यात हात घातला. हात तसाच राहिला. पासष्ट वर्षांत कुठल्याही पाण्यानं त्यांना असं खोटं पाडलं नव्हतं. पण ते लगेच सावरले. नदीच्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पाण्यात सापडलं तर प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला जायचं. वर पाणी उथळ असतं, तिथं उतार मिळतो.

"पानी जठून येस तिकडे चाला!"

तिघं निघाली. चारही बाजूंनी पांढरं धुकं. पावलांच्या खुणा धुऊन गेलेल्या. सूर्य नाही, बांध नाही, नुसती घरघर, तीही सगळीकडून. पाणी घोट्याला लागलं. मग पोटऱ्यांना. "थोडाच येळ," आबा म्हणत होते, "आते उथळ व्हई." पाणी गुडघ्याला आलं. मग मांडीला! लाट अंगावर फुटली, चिंधाच्या डोक्यावरची माशांची टोपली वाहून गेली. त्यानं हंबरडा फोडला.

द्रौपदाबाई थांबली. डोक्यात नुसता कल्ला. वर कुठे? खाली कुठे? पाणी एक सांगतंय, आबा तेच सांगतायत, आणि पाय? पाय वेगळंच सांगत होते. वर गेलं की नदी उथळ होते. ही खोल होत चाललीय. मग हे वर कसं?

"आबा! हाई वर नई, खाले शे! आपन समुद्रात चाली राह्यनूत!"

"पानी तर समोरतून..."

"पानीले येडं लागेल शे! तुम्ही माना पायवर भरोसा ठेवा!"

बोलायलाही वेळ नव्हता. तिनं खांद्यावरचे भोपळे सोडले. एक आबांच्या छातीशी आवळला. एक चिंधाकडे फेकला. एक स्वतःला बांधला. चिंधा आयुष्यात कधी प्रवाहाबरोबर सुटला नव्हता. भोई तसं करत नाही, तसं करणारा भोई वाहून जातो. "अक्का, नको!" तो ओरडला.

"पानी जठे नेस तठे चाल! सोड पाय!"

तिनं आबांच्या भोपळ्याची दोरी दातांत धरली आणि पाय सोडले.

पाण्यानं तिघांना उचललं! घोड्यासारखं पळत होतं ते. नाकातोंडात मीठ गेलं, डोळे झोंबले. एक भोवरा लागला, चिंधा गरकन फिरला, दिसेनासा झाला, पुन्हा वर आला! पण या पाण्याची एक गंमत तिच्या ध्यानात आली. ते तापीपेक्षा जास्त उचलून धरत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मग धुक्यातून काळी रेघ दिसली. बांध! बांधावर लुगड्यांचे रंग, बायकांचा आरडाओरडा, आणि दोन दणकट हातांनी तिचं बखोट धरलं.

ते हात होते रेवाबेन नावाच्या कोळणीचे. बांधावर पंधरावीस बायका होत्या, प्रत्येकीचा आपापला दगड आणि आपापली दोरी. पाणी दगडांना टेकलं की थोडा वेळ मासा कडेला येई, तेवढ्यात धरायचा. काल-परवा द्रौपदाबाईनं गळ टाकले, ते या वेळेच्या मागेपुढे.

"आ पानी पाछळथी आवे, बेन," रेवाबेन म्हणाली. "पूनमनुं पानी तो बहु भारी." मागून येतं हे पाणी, आणि पौर्णिमेचं तर फार जबर! भाषा वेगळी असूनही द्रौपदाबाईला शब्दन् शब्द कळला.

अंग सुकल्यावर तिनं विचारलंच, "आठे बांधवर आमनी पाची घरं बसतीन का?"

रेवाबेननं बांधावरच्या बायकांकडे पाहिलं. एकही दगड रिकामा नव्हता. खोटं बोलायची तिला सवय नसावी. एकटी आलीस तर माझ्या दगडावर बस, म्हणाली, पण पाच घरं नाही. दांड्यावर मात्र कुणाचा हक्क नाही. तिथं कुणी जातच नाही, कारण गेलेला तिथून परत येत नाही.

चिंधा कानाला हात लावून म्हणाला, "अक्का, मी वीटभट्टीवर जासू!" आबा बांधावर आल्यापासून मान खाली घालून बसले होते.

द्रौपदाबाई त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आबा, पानी फिरनं तव्हय आवाज बदलना व्हता का?"

आबा म्हणाले, "बदलना व्हता. माले वाटनं, माना कान बी गया."

धुळवडीच्या दिवशी पाणी उतरल्यावर ती पुन्हा दांड्यावर गेली. या वेळी एकटी, आणि डोहापर्यंत न जाता, बांधावरची हाक ऐकू येईल एवढ्यावरच. खाडीचा तो तुकडाही खोल होता. बांधावर आबा बसले, डोळे मिटून, कान पाण्याकडे. शेजारी चिंधा, आबांनी खूण केली की वाजवायला हातात थाळी घेऊन उभा. द्रौपदाबाईनं पाच मासे धरले. सहाव्याला दोरी अशी ताणली, की तिची टाच वाळूत रुतली. एवढा मासा तापीनं तिला कधी दिला नव्हता! तो दमत आला होता. पाण्यावर त्याची पाठ दिसली, पाटाएवढी रुंद.

तेवढ्यात थाळी वाजली. धाण! धाण! धाण!

पाणी तर शांत दिसत होतं, जराही फिरलेलं नव्हतं. आणखी दहा हात ओढला की मासा आपला! हे वेडं पाणी पुन्हा फसवतंय, की आबा? तिला काहीच कळेना. पण उद्या या वाळूवर पाच घरांची माणसं गळ टाकायला बसायची असतील, तर थाळी वाजल्यावर एकानंही मागे राहून चालणार नव्हतं.

तिनं कमरेच्या विळ्यानं दोरी कापली.

ती खाडी ओलांडून बांधावर चढली, आणि पदर पिळून मागे पाहिलं. सकाळी घोट्याएवढं असलेलं पाणी पाठ फिरवून आत पळू लागलं होतं.

"कितला मोठा व्हता वं?" चिंधानं हळूच विचारलं.

तिनं दोन्ही हात पसरून दाखवले. मग आबांना म्हणाली, "चाला. घर जाऊत. आखाजीना आगोदर पाची घरं आठे आनना शे. थाळी वाजाडाले तुमना कान लागतीन."

आबा काठी टेकत उठले. चार दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कुणाचा हात मागितला नाही.