काठशिधा

नदी झाकल्यापासून दहेलीच्या घरांत जळमट दिसत नव्हतं. दिवाळीआधी केरसुणी बांबूला बांधून आढं झाडायचं बायकांच्या मागचं काम सुटलं. डासही गेले. गावाने या दोन्ही उपकारांबद्दल जलरक्षा मंडळाच्या अधिकाऱ्यांना चक्क हारतुरे घातले. घर स्वच्छ म्हणजे लक्ष्मी खूश, इतका सरळ हिशेब. तो किती चुकला होता हे कळायला लागोपाठ दोन हंगाम तुडतुड्यांनी भाताचा फडशा पाडावा लागला.

नदीवर अंथरला होता तो ‘जलपट’, काठाला घट्ट चिकटवलेला पारदर्शक पापुद्रा. ऊन आणि हवा त्यातून आत जात, बाहेर मात्र काही येत नसे, वाफसुद्धा नाही. वरच्या अंगाच्या कारखान्याने सोडलेला पारा नदीच्या गाळात बसला होता. गाळ उपसण्यापेक्षा नदी झाकणं स्वस्त, म्हणून मंडळाने ती झाकली. ढिवरांची मासेमारी बंद झाली आणि त्यांना तळ्याच्या पाण्यावर भात लावायला सांगण्यात आलं.

हा जलपट ज्यांनी शोधला ते डॉ. सुमेध वाहाणे उन्हाळ्यात स्वतःच गावात आले. सरपंच कौतिकाबाई वलथरे यांच्या ओसरीवर ते पडलेल्या चेहऱ्याने बसले.

“तुडतुड्यांना खाणारे कोळी उपाशी मेले, बाई.”

“कोळी काय नदीत रायतात बाप्पा?”

“राहतात काठावर. जेवतात मात्र नदीचं.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. रोवणीआधी, म्हणजे भात लावण्याआधी, शेत उघडंबोडकं असतं, तिथे कोळ्यांना शिकार मिळत नाही. पण नदीच्या तळाशी गाळ खाऊन वाढलेल्या अळ्यांना तेव्हा पंख फुटतात. त्या माश्या होऊन पाण्याबाहेर उडतात आणि काठावरच्या जाळ्यांत सापडतात. त्यावर तग धरून राहिलेले कोळी रोवणी झाली की शेतात उतरतात. कुणी न मागता नदी काठाला जे अन्न पोचवते, त्याला वाहाण्यांनी ‘काठशिधा’ असं नाव दिलं होतं. आता माश्या जलपटाखालीच धडपडून मरत होत्या.

“मंग काढा तो पापुद्रा!”

“मंडळ परवानगी देत नाही. ते म्हणतात, भात पिकत नसेल तर गाव उठवू.” वाहाणे अडखळले. “आणि काढला तर धोकाही आहे. त्या अळ्या पाऱ्याचाच गाळ खातात. माशीतून तो कोळ्यात जाईल, कोळ्यातून तुमच्या कोंबड्यांत, तिथून अंड्यांत. नदीला आपण जे खाऊ घातलं, तेच ती वाढणार.”

बोलताना त्यांची नजर दाराशी उभ्या प्रणोतीकडे गेली. कौतिकाबाईंच्या या सुनेला नुकतेच दिवस गेले होते. पोटातल्या बाळाच्या मेंदूला पारा सगळ्यात जास्त बाधतो, हेही त्यांनी खाली मान घालून सांगितलं.

“झाकलं तं उपाशी, उघडलं तं विष,” कौतिकाबाई कडाडल्या. “अन् ज्यानं घाण केली तो?”

“तो सुरक्षित आहे. नदीबाहेर पारा सापडत नाही, तोवर त्याच्यावर गुन्हाच होत नाही.”

“म्हंजे हे पांघरूण आमच्यासाठी नोयतंच!”

दुसऱ्या दिवशी भरदुपारी दहेलीच्या बायका विळे घेऊन काठावर उतरल्या. मंडळाचा अधिकारी भोंग्यावरून ओरडला, “ही शासकीय मालमत्ता आहे!”

“गुंडाळून देतो आमी, घेऊन जा!” कौतिकाबाई ओरडल्या आणि त्यांनी पहिला काप घेतला.

संध्याकाळी माश्यांचे थवेच्या थवे वर आले. जंगलाकडून वाऱ्यावर धागे सोडत कोळी आले, काठच्या झुडपांत स्थिरावले आणि रोवणीनंतर भातात उतरले. भात टिकला. गाव उठवण्याची भाषा बंद झाली. कौतिकाबाईंनी घरात एकच नियम केला, प्रणोतीने अंडं खायचं नाही.

लोंब्या भरत आल्या तेव्हा वाहाणे पुन्हा आले. कारखान्याला कोर्टात खेचायचं, तर माणसाच्या रक्तात पारा दाखवावा लागणार होता. कौतिकाबाईंनी लगेच बाही वर सारली.

“माझं घ्या. माझं काय, जगून झालं.”

“तुमचं चालणार नाई आत्याबाई,” प्रणोती पुढे आली. आता तिचं पोट चांगलंच दिसत होतं. “म्हणतील, म्हातारीनं जुन्या काळी नदीचे मासे खाल्ले. मी लग्न होऊन आली तवा नदी झाकलेली होती. माह्यात सापडला, तं तो याच वर्षीचा.”

“पण तू अंडी खात नाहीस ना?” वाहाण्यांनी विचारलं.

“रोज खाल्ली. आत्याबाई घरी नसताना.”

कौतिकाबाईंनी वर सारलेली बाही खाली ओढली. ज्या धिटाईने त्यांनी पहिला काप घेतला होता, तीच आता सुनेच्या तोंडून बोलत होती.

“अगं, बाळाचा तरी विचार...” वाहाण्यांनी सुई बाजूला ठेवली.

“त्याचाच केला. माह्या रक्तातल्या पाऱ्याचा आकडा पाहून कोण जागचं हलते?” प्रणोतीने हात पुढे केला. “माह्यातला पारा पोटातल्यातही उतरला असंल. त्याचा पाहून हलतील. टोचा सुई.”